मालवणची पद्मिनी : सडलेला पत्रा किती कापायचा

गाडी टेम्पोतून उतरवल्यावर मामांनी दारं उघडली नाहीत की बॉनेट उचललं नाही. ते शेजारी उकिडवे बसले, दाराखालच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून हलकेच टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तो तपकिरी भुगा, लाल माती आणि डांबराची एक खपली घेऊन.

"वरनं गाडी हाय, खालनं नुसता रंग हाय," मामा म्हणाले.

कोल्हापुरात आमचं पत्र्याच्या कामाचं छोटं वर्कशॉप आहे. मामा माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे डेंटर. ही गाडी म्हणजे १९७९ ची प्रीमियर पद्मिनी. मालवणजवळच्या एका गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी नवी घेतलेली. तेव्हा पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघावी लागायची. डॉक्टर गेल्यावर गाडी घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, उभी राहिली ती अकरा वर्षं. त्यांचा मुलगा, बँकेतून निवृत्त झालेले काका, ती घेऊन फोंडा घाट चढून आमच्याकडे आले. त्यांची मागणी एवढीच होती : "चकचकीत नको. नातवंडांना बसवून बाजारापर्यंत नेता आली पाहिजे, आणि बसवताना माझ्या मनात भीती नको."

हे दुसरं वाक्य मी कामाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढे पाच महिने प्रत्येक निर्णय त्यावर घासून बघितला.

गंज आतून येतो

पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती बनवायची आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. बॉडी हीच चॅसी. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भार तळपत्रा, त्याच्या मधोमध वर उठलेला लांब बोगदा आणि दोन्ही बाजूंच्या दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्या मिळून उचलतात. या पेट्यांना आम्ही सिल म्हणतो. बाहेरून सिल म्हणजे पाय ठेवायची पट्टी वाटते, पण घराला तुळई असते तशी ती आहे. मडगार्ड सडला तर गाडी वाईट दिसते. सिल सडली तर गाडी मधून वाकते, दारं लागेनाशी होतात आणि धडक बसली तर माणसाच्या आणि रस्त्याच्या मध्ये काही उरत नाही.

सिलच्या बुडाला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. कोकणात चाकांनी उडवलेली जांभ्याची बारीक माती या पेटीत जाते, चिखल होऊन बसते आणि भोकं बुजतात. त्या मातीत खाऱ्या हवेतलं मीठ मुरतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पावसाळा संपला तरी पेटी आतून कोरडी होत नाही. त्यात गाडीवर अकरा वर्षं ताडपत्री अगदी जमिनीपर्यंत ओढलेली. घरच्यांनी ती प्रेमानेच घातली होती, पण ताडपत्रीनं खालून येणारी वाफ कोंडून धरली. जुनी गाडी ठेवायचीच असेल तर डोक्यावर कौल आणि चारही बाजूंनी वारा द्या, ताडपत्री नको, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. किनाऱ्यावरच्या घरांत स्लॅबमधली सळई फुगून प्लॅस्टरचे पोपडे पडतात, तेच इथे दोन पत्र्यांच्या जोडात घडतं. गंज आत फुगत जातो आणि स्पॉट वेल्डिंगचे ठिपके एकेक करून उकलतो. बाहेर रंगावर शेंगदाण्याएवढा फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुतेक संपलेला असतो.

तपासणीचे चार दिवस

सीट, रबरी मॅट आणि तिच्याखालचा तागाचा नमदा काढला. नमदा ओल्या गोणपाटासारखा जड होता. दारं, बंपर, पेट्रोलची टाकी, वायरिंग, सगळं उतरवलं. टाकी काढल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पाडायची नाही हा आमच्याकडचा नियम आहे. टाकी रिकामी असली तरी काढायचीच, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची.

मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या बॉडीवरून फिरवलं. जिथे ते सुटतं तिथे खाली पत्रा नाही, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आहे. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर ते तळहाताएवढ्या जागेत कुठेच चिकटलं नाही. खरवडलं तर अर्धा इंच लांबी, तिच्यामागे वर्तमानपत्राचा बोळा.

सडलेलं ते असं : डावी सिल पूर्ण, उजवी सिल पुढून दोन तृतीयांश, ड्रायव्हरच्या पायाखालचा आणि मागच्या डाव्या सीटपुढचा तळपत्रा, चारही दारांचं बूड, पुढच्या दोन्ही मडगार्डची मागची खालची कोपरी, डावी मागची कमान आणि बॅटरीची बैठक. बैठक मात्र समुद्रानं खाल्ली नव्हती, बॅटरीच्या ॲसिडनं खाल्ली होती.

शाबूत होतं ते मी तितक्याच काळजीनं लिहिलं. टप, बॉनेट, डिकीचं झाकण, कमरेच्या वरचे सगळे खांब, मधला बोगदा. आणि मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथे बॉडीला अडकतात त्या जागा. त्या मी दोनदा तपासल्या, हातोडीनं ठोकून आणि तारेच्या ब्रशनं उघड्या करून. त्या गेल्या असत्या तर काकांना गाडी परत न्यायला सांगितलं असतं. तो पत्रा बदलता येतो, पण आमच्याकडे त्यासाठी लागणारा जिग, म्हणजे सगळं मापात धरून ठेवणारा साचा, नाही, आणि अंदाजानं बसवलेला मागचा ॲक्सल नातवंडांच्या गाडीला नको.

चौथ्या दिवशी डाव्या सिलवरचं डांबर गरम करून खरवडलं आणि जुनं काम उघडं पडलं. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी सडक्या सिलवर नवा पत्रा ठेवून पितळेनं जोडला होता, वर डांबर फासलं होतं. आतला गंज तसाच. उलट आता तो दोन पत्र्यांच्या मध्ये सापडलेला, हवेला आणि ब्रशला कायमचा बंद. पितळेची आणखी एक अडचण असते. ते मूळ पत्र्यात भिनतं आणि त्यावर नवं वेल्डिंग धरत नाही, भोकं पडतात, टाका कडकडीत होऊन तडकतो. म्हणजे जिथवर पितळ गेलंय तिथवरचा चांगला पत्राही कापून टाकावा लागतो. त्या पट्टीनं वाचवला त्याहून जास्त पत्रा आम्हाला गमवावा लागला.

काय ठेवायचं, काय कापायचं

काकांना आधी दुसरीकडून दोन सल्ले मिळाले होते. एकानं सांगितलेलं, वरून पट्ट्या मारून रंग देऊ, महिन्यात गाडी न्या. दुसऱ्यानं सांगितलेलं, सगळी बॉडी नवी करून घ्या, टपासकट. पहिल्यात धोका उघड आहे. दुसरा सल्ला ऐकायला प्रामाणिक वाटतो, पण मला तोही पटत नाही. कारखान्यात दाबयंत्राखाली तयार झालेल्या टपाला जो ताण आणि गोलाई असते ती हातानं येत नाही. सडलेलं नसलेलं काढून तिथे आपलं बसवणं म्हणजे डॉक्टरांची गाडी काढून घेऊन तिच्यासारखी दुसरी परत देणं.

म्हणून आम्ही रेघ अशी ठरवली : गंज संपून पांढरा, चकाकता, पूर्ण जाडीचा पत्रा लागतो तिथून आणखी एक इंच पुढे कापायचं. त्याच्या अलीकडे नाही, पलीकडेही नाही. जोड शक्यतो अशा जागी घ्यायचा जिथे पत्र्याला आधीच घडी आहे. घडीजवळ पत्रा ताठ असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं फारसा वेडावाकडा होत नाही. सपाट पत्र्याच्या मधोमध जोड घेतला की ढोलासारखा फुगतो आणि मग तो बसवण्यात आठवडा जातो.

पद्मिनीचे नवे पॅनल आता दुकानात मिळत नाहीत. गाडी बनायची बंद झाल्याला वीस वर्षं उलटून गेली. एकेकाळी मुंबईत जुने भाग सहज मिळायचे, कारण सरकारनं टॅक्सींचं वय आधी २००८ मध्ये २५ वर्षं आणि मग २०१३ मध्ये २० वर्षं ठरवलं तेव्हा काळ्या-पिवळ्या पद्मिनी मोठ्या संख्येनं भंगारात गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. मी आणि मामा दोन दिवस कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगाराच्या गल्ल्या फिरलो. मागच्या कमानीचे तीन तुकडे सापडले. दोन बाहेरून सुंदर आणि आतून लांबीनं भरलेले. टॅक्सीनं आयुष्यभर धक्के खाल्लेले असतात, तेव्हा चुंबक बरोबर नेल्याशिवाय तिचा पत्रा घेऊ नये. तिसरा पिवळा-काळा रंग तसाच असलेला, आतून कोरडा. तो घेतला. गोल कमान हातानं ठोकायला मामांना चार दिवस लागले असते आणि तरी कारखान्याची कडा आली नसती.

सिल आणि तळपत्रा मात्र भंगारातला घ्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. ज्या जागा सगळ्यात आधी सडतात त्याच जागा दुसऱ्या तितक्याच जुन्या गाडीतून का आणायच्या? त्या आम्ही नव्या सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्याच्या केल्या. बाहेरच्या सिलला २० गेज, म्हणजे ०.९ मिलिमीटर, आतल्या भागाला १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर. काका म्हणाले, "जस्ताचा पत्रा घाला ना, गंजणारच नाही." विचार रास्त होता. पण वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, म्हणजे जोड, जो सगळ्यात नाजूक, तोच उघडा पडतो. शिवाय त्या धुरानं वेल्डरला रात्री थंडी-ताप भरतो. जाड पत्राही नको होता. १६ गेज घातला असता तर शेजारचा जुना पातळ पत्रा वेल्डिंगच्या वेळी वितळून भोकं पडली असती.

कापण्याआधी

इथे घाई करणारे फसतात. सिल कापली की त्या क्षणी गाडीची तुळई निघाली. वरून काही दिसत नाही, पण खांब एखाद-दुसरा मिलिमीटर सरकतो, आणि त्या अवस्थेत नवी सिल जोडली की ती चूक कायमची वेल्ड होते.

जमीन आमची सपाट आहे, तरी गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन गाडी ज्यांच्यावर टेकवली होती त्या चारही घोड्यांची उंची जुळवली. इंजिन आणि गिअरबॉक्स काढलेले होते. बॉडीवरच्या बारा ठरलेल्या जागांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खुणा केल्या, खुणांमधले कर्ण मोजले. मग पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. कंपनीचा आकडा २३४० मिलिमीटर. उजवीकडे २३४०, डावीकडे २३४३. डावी सिल वर्षानुवर्षं खचत आली होती, तिनं तीन मिलिमीटर आधीच सोडले होते. ते परत आणायचे होते.

दारांच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप बसवले : बिजागरीच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत आडवा, मधल्यापासून मागच्यापर्यंत आडवा, आणि प्रत्येक चौकटीत एक तिरका. डाव्या-उजव्या खांबांमध्ये दोन आडवे. पाइप दाराच्या आतल्या बाजूनं बसवले, कारण दार मध्येमध्ये लावून बघता यायला हवं. मोजपट्टी खोटं बोलू शकते, दाराभोवतीची फट बोलत नाही. पाइप पक्के करण्याआधी डाव्या मधल्या खांबाखाली जॅक लावून बॉडी हळूहळू उचलली, दर वेळी मोजून. तीन मिलिमीटरला दुपार गेली.

डावी सिल

एका वेळी एकच बाजू. डावी बाजू पूर्ण होऊन थंड होईपर्यंत उजवीला ब्लेड लावायचं नाही.

कारखान्यानं सिलच्या वरच्या-खालच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनं जोडलेल्या असतात. रंग घासला की ते गोल ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्यावर पंच मारून आठ मिलिमीटरच्या कटरनं फक्त बाहेरचा पत्रा छेदायचा, आतला ठेवायचा. मग पातळ छन्नीनं पत्रा उकलायचा. ग्राइंडरनं सरसकट कापणं सोपं, पण तसं केलं की मागची पट्टीही जाते आणि नवी सिल टेकवायला काही राहत नाही. बाहेरचा पत्रा निघाला तेव्हा आत घमेलंभर लाल माती होती, घट्ट, थरांची. मामांनी ती हातानं काढली आणि बाजूला एका कागदावर ठेवली. काका संध्याकाळी आले तेव्हा त्यांनी ती चिमटीत धरून बघितली. "ही आमच्या आडव्या वाटेची माती," ते म्हणाले. "डांबरी रस्ता व्हायच्या आधीची."

आतल्या सिलचं खालचं तीन इंच बूड गेलेलं होतं. ते आधी १८ गेजमध्ये केलं, मग त्याला टेकणारा तळपत्रा. नव्या तळपत्र्यावर मूळच्यासारख्या उठावाच्या लांब रेघा आम्ही काढून घेतल्या. त्या शोभेच्या नाहीत. त्यांच्यामुळे पातळ पत्रा ताठ राहतो आणि गाडी चालताना डब्यासारखा वाजत नाही. बाहेरच्या सिलच्या लांब घड्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात बेंडिंग मशिनवर मारून आणल्या. दोन्ही टोकांना खांबांकडे वळणारी गोलाई मात्र मामांनी वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीनं आणली, पुठ्ठ्याच्या साच्यावर पुन्हापुन्हा ठेवून. ते बघण्यासारखं होतं. मोगरीचा घाव कधीच जोरात नव्हता, पण एकाच जागी दोनदा पडला नाही.

पेटी बंद करण्याआधी आतून एपॉक्सी प्रायमर, आणि जिथे पट्टी पट्टीला टेकणार तिथे वेल्डिंग सहन करणारा जस्ताचा प्रायमर. नंतर क्लॅम्प लावून सिल बसवली, दोन्ही दारं चढवली, फटी बघितल्या, आणि मगच टाके.

मूळ स्पॉट होते तितकीच भोकं नव्या पत्र्याच्या पट्टीत पाडून ती मिग वेल्डिंगनं भरली. टोकाच्या जोडांना पत्र्यावर पत्रा न चढवता कडेला कड भिडवली, मध्ये पत्र्याच्या जाडीहून थोडी कमी फट ठेवून. पत्रा पत्र्यावर चढवला की त्या दोहोंमध्ये पुन्हा पाणी बसतं, म्हणजे पुढच्या वीस वर्षांचा गंज आपणच पेरतो. तार ०.६ मिलिमीटरची, गॅस आर्गॉन आणि कार्बन डाय-ऑक्साइडच्या मिश्रणाचा. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा पुन्हा उलट्या टोकाला. हात लावता येईल इतका पत्रा निवला की पुढचा. वेल्डिंगची जागा निवताना आकसते आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेते. म्हणून टाका गरम असताना नाही, निवल्यावर त्याच्यामागे डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरून वरून हलक्या हातोडीनं तो पसरवायचा, म्हणजे आकसलेलं परत मिळतं. दीड वीत जोडाला एक सकाळ जाते. ग्राहकाला ती सकाळ कधीच दिसत नाही.

बुडाला पाण्याची भोकं ठेवली, प्रत्येक सिलला चार. मागून पॉलिश पेपरनं त्यांच्या कडा गुळगुळीत केल्या, म्हणजे रंग धारेवरून सुटणार नाही.

उजवीकडे झालेली चूक

डावी बाजू छान उतरली आणि त्याच विश्वासानं उजवीकडे चूक झाली. ड्रायव्हरच्या बाजूचा तळपत्रा एकसंध आत घालायचा होता. पुढच्या चौकटीतला तिरका पाइप आड येत होता. कामावरच्या पोरानं विचारलं, "दादा, हा तेवढा कापू का? बाकीचे आहेत की." मी हो म्हटलं. पत्रा सरकवताना मधली घोडीही त्यानं अर्धा फूट पुढे घेतली. ती का हलवायची नाही हे मी त्याला कधी नीट सांगितलंच नव्हतं. ही चूक त्याची नाही, माझी.

दुसऱ्या दिवशी सिलला टाके मारून झाले आणि फट बघायला दार चढवलं. दाराच्या मागच्या कडेला वरची फट चारऐवजी दीड मिलिमीटर, खालची साडेसहा. म्हणजे गाडी मधे खचली होती : वरची बाजू दबली, खालची फाकली. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी खडूच्या खुणांवर ओळंबा सोडला आणि माझ्याकडे बघितलं. मधल्या खांबाची खूण तीन मिलिमीटर सरकलेली.

नुसते टाके होते म्हणून निभावलं. पातळ ब्लेडनं ते सगळे कापले, घोडी जागेवर आणली, तिरका पाइप पुन्हा बसवला, जॅकनं उचलून खूण खुणेवर आणली आणि सगळं परत. दोन दिवस गेले. पूर्ण वेल्डिंग होऊन गेलं असतं तर नवी सिल फेकून द्यावी लागली असती, किंवा त्याहून वाईट, दाराची कड घासून आणि लांबी भरून फट दिसायला सारखी केली गेली असती. अशा कितीतरी गाड्या आमच्याकडे आल्या आहेत, ज्यांचं दार उचलून लावावं लागतं. आता घोड्यांच्या पायांभोवती आम्ही लाल रंगाची रेघ मारतो आणि नव्या पोराला पहिल्या दिवशी तिचं कारण सांगतो.

दारं आणि मडगार्ड

दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर कडेनं दुमडलेला असतो. पाणी त्या घडीत बसतं. मामांनी घडीची कड घासून उडवली, बुडाचं तीन इंच कापलं, आतली चौकट नीट केली, आणि नवी पट्टी जोडून तिची कड डॉलीवर तीन फेऱ्यांत दुमडली. एका फेरीत दुमडली की बाहेरच्या अंगाला लाटा येतात. घडी बंद करण्याआधी आत सीलंट भरलं. कुर्ल्याची कमान जोडाला घासून बसवली. तिच्या आतल्या बाजूचा टॅक्सीचा पिवळा रंग एका कोपऱ्यात शाबूत होता. तो काढू का विचारल्यावर काकांनी नको म्हटलं.

लांबी आम्हीही वापरली. लांबी वाईट नसते, पण ती पाणी शोषते, म्हणून उघड्या पत्र्यावर कधीच नाही. आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, तीही दोन मिलिमीटरच्या आत. चुंबक आता गाडीवर सगळीकडे धरतं.

आतलं मेण आणि कागदपत्रं

वेल्डिंग करताना पेटीच्या आतला प्रायमर जोडाच्या रेषेवर जळतोच. तिथे ब्रश पोचत नाही. त्यामुळे सगळा रंग झाल्यावर, कोमट करून पातळ केलेलं गंजरोधक मेण लांब नळीनं सिल, दारं, खांबांची बुडं यांच्यात फवारलं, खालच्या भोकांतून ठिबकेपर्यंत. ते जोडाच्या फटीत स्वतः ओढलं जातं. मग तारेनं भोकं पुन्हा मोकळी केली. खालून डांबर अजिबात नाही. डांबर सुकून तडकतं आणि तडकेतून शिरलेलं पाणी त्याच्यामागे अडकून राहतं. एपॉक्सीवर खडीचा मार सोसणारा पातळ थर दिला, इतका पातळ की जोड दिसतात. दिसलेच पाहिजेत, म्हणजे उद्या बघणाऱ्याला काय झालंय ते कळेल.

चॅसी नंबर ज्या पत्र्यावर ठोकलेला आहे त्याला आम्ही हात लावला नाही, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काकांना दिले. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. काकांच्या गाडीला २०२९ मध्ये ५० पूर्ण होतील. त्यावेळी अर्ज करायचा की नाही ते ठरवतील. जुन्या आकाराचा, जुन्या जाडीचा पत्रा जुन्या जागी बसवलाय हे दाखवायला फोटोंशिवाय दुसरं काही उपयोगी पडत नाही. रंग आरसी बुकात होता तोच ठेवला.

पाच महिन्यांतले साडेतीन पत्र्याला गेले आणि रंगाला सहा आठवडे. बिलातही रंगाचा वाटा चौथ्या भागाहून कमी. काकांनी एकदाही घाई केली नाही, हे इथे नोंदवलं पाहिजे, कारण असं काम बहुतेक वेळा पत्र्यामुळे बिघडत नाही, तारखेमुळे बिघडतं.

मे महिन्याच्या शेवटी गाडी घाट उतरून गेली, या वेळी स्वतःच्या चाकांवर. काकांना मी सायकलची एक जुनी तार दिली होती आणि सांगितलं होतं : पावसाआधी एकदा, दसऱ्यानंतर एकदा, भोकांतून फिरवा आणि नळानं सिलमध्ये पाणी सोडून बघा. ताडपत्रीऐवजी मांगराच्या दोन भिंतींना त्यांनी लाकडी जाळी बसवून घेतली.

दसरा झाल्यावर आठवड्यानं फोन आला. मागे पोरांचा आवाज होता आणि पाणी पडल्याचा.

"आठही भोकांतून आलं," काका म्हणाले. "मी दोनदा मोजलं. आणि पाणी पांढरं आहे, लाल नाही."

मी मामांना फोन दिला.